काजूच्या बागायतीसाठी कार्बन क्रेडिटचा करार: सही करण्याआधी कोणी समजावून सांगेल का?

सत्तरीची बागायतदार

नमस्कार. गोव्यात सत्तरी तालुक्यात, केरीच्या बाजूला डोंगरउतारावर आमची काजूची बागायत आहे. वरची झाडं जुनी, बिया कमी झालेल्या. खालच्या पडीक तुकड्यात गेल्या पावसात कलमं लावली. बाबांच्या मागे भाऊ आणि मी मिळून बघतो.

एका कंपनीचा माणूस कराराचा मसुदा देऊन गेला. म्हणाला, "झाडं तुमची, बिया तुमच्या, हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) तुमचा. आम्ही फक्त कार्बन क्रेडिट घेणार." वर्षाला पैसे मिळत राहतील, असंही तोंडी सांगितलं. मुदत 40 वर्षं. मसुद्यात लिहिलंय की जमिनीचे "आज असलेले व पुढे निर्माण होणारे सर्व पर्यावरणीय हक्क" कंपनीकडे जातील आणि "निव्वळ उत्पन्नाचे" 60 टक्के आम्हाला मिळतील. शिवाय कंपनीच्या परवानगीशिवाय एकही झाड तोडायचं नाही. भावाला वाटतं, बसल्या जागी पैसे येतात तर सही करावी. मला कळत नाही की मी नेमकं विकतेय काय? आणि माझ्या मुलावर हे बंधन राहणार का?

म्हापसेकर

ताई, घाबरू नका. एक क्रेडिट म्हणजे हवेतला एक टन कार्बन डायऑक्साइड कमी केल्याचा दाखला. केंद्र सरकारनेच 2023 मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आणलीय, म्हणजे मागे सरकार आहे. सही करून टाका.

फोंड्याचा वकील

म्हापसेकर, थांबा जरा. 2023 ची योजना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो चालवतं आणि तिचा मुख्य रोख कारखान्यांच्या उत्सर्जनावर आहे. ताईंच्या हातातला कागद खाजगी कंपनीचा आहे आणि बहुतेक स्वयंसेवी बाजारासाठीचा, म्हणजे जिथे कंपन्या सक्ती नसताना स्वखुशीने क्रेडिट घेतात. तिथे वेरा, गोल्ड स्टँडर्ड अशा संस्थांची क्रेडिट्सची नोंदवही चालते. सरकार तुमच्या मागे उभं आहे असं धरून कोणी सही करू नये.

ताई, तुम्ही हवाही विकत नाही आणि झाडंही नाही. तुमच्या जमिनीवर अमुक टन कार्बन साठला, असं सांगण्याचा हक्क तुम्ही देताय. तो हक्क एकदा दिला की दुसऱ्या कोणाला देता येत नाही. कंपनी तो एखाद्या कारखान्याला विकेल, कारखाना आपल्या धुरापोटी तो दाखवेल आणि नोंदवहीत ते क्रेडिट कायमचं रद्द होईल. म्हणून "पुढे निर्माण होणारे सर्व हक्क" हे शब्द मला सगळ्यात जास्त खटकतात. उद्या माती, पाणी, जैवविविधता यांचे पैसे मिळू लागले तर तेही आजच दिल्यासारखे होतील. तिथे "फक्त खालच्या तुकड्यातील नव्या लागवडीमुळे साठलेला आणि पडताळणी झालेला कार्बन" असं लिहून घ्या.

नवी लागवड का म्हणतोय? तुमची जुनी झाडं या प्रकल्पाशिवायही उभीच होती. त्यांच्यात आधीच साठलेल्या कार्बनचं क्रेडिट मिळत नाही, वाढीव साठ्याचंच मिळतं. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, आणि एक टन कार्बन म्हणजे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका क्रेडिटसाठी झाडांनी अंदाजे साडेपाचशे ते सहाशे किलो सुकं लाकूड वाढवायला हवं. कोवळ्या कलमांकडून पहिल्या वर्षांत किती होईल, तुम्हीच ताडा. वर्षाला पैसे मिळतील हे कंपनीच्या माणसाचं तोंडी बोलणं आहे. क्रेडिट पडताळणी झाल्यावरच मिळतं.

"निव्वळ" या शब्दावर तर अडूनच बसा. मोजणी, तपासणी, नोंदणी, कंपनीचा कारभार असा सगळा खर्च वजा करून उरेल त्याचे 60 टक्के. काहीच उरलं नाही तर तुम्हाला शून्य, आणि झाडं मात्र बांधलेली. विक्रीच्या एकूण रकमेवर हिस्सा मागा, नाहीतर खर्चाची कमाल मर्यादा घालून घ्या.

आणि आग! मार्च 2023 मध्ये म्हादईच्या रानात वणवे पेटले ते सत्तरीत कोण विसरेल? साठलेला कार्बन जळाला तर नुकसान कोणाचं? अशा वेळेसाठी चांगल्या प्रकल्पात थोडी क्रेडिट्स राखीव ठेवलेली असतात. तुमच्या मसुद्यात भरपाई तुमच्यावर टाकली असेल तर ते कलम काढल्याशिवाय सही नको.

सत्तरीची बागायतदार

भरपाई आमच्यावरच आहे, आत्ता पान काढून बघितलं. आणि जुनी झाडं काढून तिथे नवी कलमं लावायची होती, ते कसं करायचं?

फोंड्याचा वकील

काजूचं पीक पंचवीस-तीस वर्षांनी उतरतं, त्यामुळे 40 वर्षांच्या करारात पुनर्लागवडीची मुभा स्पष्ट लिहिलेली हवी. जुना भाग करारातून पूर्ण वगळलात तर उत्तमच. अर्थात सरकारी परवानगी लागते ती वेगळी.

मुलाचं विचारलंत. असा करार वारसांवर बांधील असल्याचं कलम बहुतेक असतंच, ते शोधा. त्याआधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची सरकारी नोंद) काढा. अजून बाबांचंच नाव आहे का? इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टाची प्रक्रिया) झाली का? आई असतील तर आपल्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे सहसा अर्धा वाटा त्यांचा. जमिनीवर 40 वर्षांचा बोजा बसतो, म्हणून तुमच्या यजमानांची आणि वहिनींची संमतीही घ्यावी असं माझं ठाम मत आहे. तुम्हा दोघा भावंडांच्या सह्यांवर कंपनी तयार असेल तर त्यांनी मालकी तपासलेलीच नाही.

मडगावचा सीए

कराचं सांगतो. 2017 च्या वित्त कायद्याने कार्बन क्रेडिटच्या उत्पन्नावर 10 टक्के दर आणला, पण तो संयुक्त राष्ट्रांच्या हवामान चौकटीखाली प्रमाणित झालेल्या क्रेडिट्ससाठी. स्वयंसेवी बाजारातलं क्रेडिट त्यात बसेल असं धरून हिशेब करू नका.

सत्तरीची बागायतदार

आई आहे, आणि इन्व्हेंटरी झालेली नाही. भावाला हे सगळं वाचून दाखवलं, तो सही थांबवायला तयार आहे. कंपनी खरी की खोटी हे कसं बघायचं?

फोंड्याचा वकील

कोणत्या नोंदवहीत, कार्बन मोजण्याच्या कोणत्या पद्धतीखाली, प्रकल्प क्रमांक काय, हे लेखी मागा. मोठ्या नोंदवह्या इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या असतात. क्रमांक टाकला की प्रकल्पाचे कागद दिसतात. आणि वाद झाला तर लवाद कुठे बसणार ते पान शोधा. सिंगापूर लिहिलं असेल तर खोडून पणजी लिहायला सांगा.