उत्तर: रोरी अल्बम – ट्रॅक ५ ची गिटार दीड पट्टी वर, शुक्रवारपर्यंत सोडवा

डब्लिनकर (मिक्सिंग)
मंडळी, आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहरच्या गाण्यांच्या आपल्या सीडीचा ट्रॅक ५ लावला. गॉलवेकरांची गिटार पहिल्याच मिनिटात क्लिकच्या (ठेक्याच्या टिकटिकीच्या) पाच सेकंद पुढे पळते, वर गाण्यापेक्षा दीड पट्टी चढी वाजते. कॅपो (तारा दाबून सूर चढवणारी पकड) राहिला होता का? नवा टेक गुरुवारी रात्रीपर्यंत पाठवा, शुक्रवारी मिक्स बंद.

गॉलवेकर
कॅपो नव्हता. डॅडगॅडच आहे, म्हणजे तारा डी-ए-डी-जी-ए-डीला लावलेल्या. जाड तारेपासून, पेटीच्या पट्ट्यांत: पांढरी दोन, सहा, दोन, पाच, सहा, दोन. सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीनच तारा एकेक स्वर (दोन पट्ट्या) उतरवल्या, मधल्या तीन तशाच. टेकच्या आधी आणि नंतर ट्यूनर लावून पाहिलंय. आणि कॅपोने एक पट्टी चढेल नाहीतर दोन, दीड कशी चढेल? आधी कारण सांगा, मग टेकचं बोला.

लिमरिककर
"दीड" यातच उत्तर आहे. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, फाइल ४४.१ ची. रूपांतर न करता फाइल आत घेतली की सॉफ्टवेअर तेच नमुने जास्त वेगाने वाचतं. ४८ भागिले ४४.१ म्हणजे १.०८८. वेग जवळजवळ ९ टक्के वाढतो, सूर दीड पट्टीला थोडा कमी इतका चढतो, चार मिनिटांचा ट्रॅक ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतो. वाजवणाऱ्याची चूक असती तर सूर तरी चढला असता नाहीतर लय तरी पळाली असती. दोन्ही एकाच प्रमाणात सरकलं की घड्याळाचा घोळ समजायचा.

डब्लिनकर, क्लिप काढून टाका आणि इम्पोर्ट करताना "प्रोजेक्टच्या दराला बदला" या खुणेवर टिक करून परत घ्या. पिच-शिफ्ट आणि टाइम-स्ट्रेच लावून ओढाताण करू नका. या गाण्यात तारेवरचे फटके आहेत, त्यांची धार जाते आणि फट्-ऐवजी फस्स ऐकू येतं.

डब्लिनकर (मिक्सिंग)
४८ हे मार्चच्या मेलमध्ये ठळक अक्षरांत होतं. सगळ्यांसाठी शेवटचं सांगतो: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. प्रत्येक फाइल शून्यापासून सुरू, आधी दोन आवर्तनं क्लिक, भले तुमचं वाद्य तिसऱ्या मिनिटाला येवो. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली, लिमिटर (मोठा आवाज दाबणारा) नको. एमपी३ तर नकोच. तो सुरुवातीला थोडी रिकामी जागा घालतो, मग टाळी आणि ढोलकी एकमेकींवर बसत नाहीत.

गॉलवेकर
सीडी शेवटी ४४.१ चीच होणार ना? मग ४८ चा हट्ट कशाला?

डब्लिनकर (मिक्सिंग)
व्हिडिओ आहे म्हणून. व्हिडिओला ४८ लागतं. सीडीसाठी अगदी शेवटी एकदाच ४४.१ आणि १६ बिटवर उतरवू, डिदर (बिट कमी करताना मिसळतात ती बारीक खरखर) लावून. अधेमधे दोनतीनदा बदलायचं नाही. आणि हो, टिक मी केली नव्हती.

कॉर्ककर (तबला)
सगळे गिटारीचंच बोलताय. माझा दायां (उजव्या हाताचा तबला) काळी एकचा आहे, गाणं पांढरी दोनमध्ये. गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून एक पट्टी चढेल, पण घरात हीटर चालू असला की पुडी (वरचं कातडं) सुकून आणखी चढते, हीटर बंद केला की अर्ध्या तासात उतरते. तीन टेकमध्ये तीन सूर लागतील. त्यापेक्षा गॉलवेकरांनी सहाही तारा अर्धा स्वर (एक पट्टी) उतरवाव्यात. १२ च्या (जाड) तारा असतील तर सैल वाटणार नाही.

गॉलवेकर
मूळ सूर सोडायचा नाही. रोरीने १९७५ च्या अल्बमवर हे गाणं डॅडगॅडमध्येच वाजवलंय.

लिमरिककर
तारांचं नातं तेच राहिलं तर डॅडगॅडचा गुण कुठे जात नाही. पण गायिकेला काळी एक चालेल का, हे तिला कोणी विचारलंय? आणि हार्मोनियम ट्यूनरवर तपासा. पेटीचे सूर ए ४४० ला (ट्यूनरच्या ठरलेल्या मापाला) असतीलच असं नाही. पेटी फिरवता येत नाही, तार फिरवता येते. सगळ्यांनी पेटीला मिळवून घ्या.

ट्रॅक २ चा बूस्टर (गिटारीचा आवाज वाढवणारं पेडल) मुका का झाला तेही सांगून टाकतो. जुन्या रेंजमास्टर बूस्टरच्या पद्धतीचा, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा आहे, बॅटरीचं धन टोक जमिनीला (ग्राउंडला). बाकी पेडलांच्या वायरीवर एकत्र जोडला की शॉर्ट होतो. त्याला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या. गिटारीनंतर थेट तोच हवा, मध्ये बफरवालं पेडल आलं की आवाज पत्र्यासारखा होतो. पुढे एसी३० अँपचं नॉर्मल चॅनल. रोरीची चमक बूस्टरमधून येते, ब्रिलियंट चॅनल लावाल तर कान किटतील.

सचिव
शुक्रवारीच सीडी छापणाऱ्यांनाही द्यायचंय, म्हणून मध्येच घुसते. १०० प्रती फुकट वाटल्या तरी यांत्रिक हक्काचा (गाण्याच्या प्रती काढण्याचा) परवाना लागतो. परवान्याचा कागद बघितल्याशिवाय कारखाना छापत नाही. अर्ज एमसीपीएसआय या आयर्लंडच्या हक्क संस्थेकडे करायचाय, त्यात प्रत्येक गाण्याचा खरा गीतकार हवा. "सगळी रोरीची" असं लिहून पाठवलेली यादी मी परत करतेय. ट्रॅक ५ मुळात अमेरिकन गायक लेडबेलीचं आहे. तो १९४९ मध्ये गेला म्हणून ७० वर्षं झाली, गाणं मोकळं, असं धरू नका. नोंदीत दुसरा सहगीतकार असेल तर मुदत सर्वांत शेवटी वारलेल्यापासून मोजतात. ट्रॅक ८ अमेरिकन गीतकार टोनी जो व्हाइटचं.

त्याच ट्रॅक ८ मधलं मराठी कडवं या परवान्यात बसत नाही. शब्द बदलणं म्हणजे रूपांतर, त्याला प्रकाशकाची लेखी परवानगी लागते. आणि रोरीच्या १९७४ च्या आयरिश टूरच्या रेकॉर्डमधला टाळ्यांचा तुकडा काढा, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो.

कॉर्ककर (तबला)
गाण्यातून कडवं काढलं, तर पुस्तिकेतही नाही छापायचं का? टाळ्या मंडळाच्या हॉलमध्येच रेकॉर्ड करू.

सचिव
पुस्तिकेतही नाही. टाळ्या चालतील.

लेटरकेनीकर
मुखपृष्ठावर "कॉर्कचा रोरी गॅलाघर" पाहिलं. एक तर इथे घ कोणी उच्चारत नाही, गॅलाहर लिहा. दुसरं, तो १९४८ मध्ये बॅलीशॅननला जन्मला, म्हणजे आमच्या डोनेगलचा. जूनच्या बँक हॉलिडेला तिथल्याच महोत्सवात सीडी नेणार आणि वर कॉर्क छापणार?

कॉर्ककर (तबला)
वाढला कॉर्कमध्ये, १९६३ ला स्ट्रॅट (त्याची गिटार) घेतली कॉर्कच्या दुकानातून, पुरलाय कॉर्कजवळ. गॅलाहर मान्य.

सचिव
गावाचं नावच काढते. "रोरी गॅलाहर" एवढंच.

डब्लिनकर (मिक्सिंग)
टिक केली, ट्रॅक ५ क्लिकवर बसला. गॉलवेकर, टेक उत्तम आहे, माफ करा. पण पट्टीचं ठरायचंय. गायिका काळी एकला हो म्हणाली, म्हणजे नवा टेक लागणारच.

गॉलवेकर
गुरुवारी. ४८ ला.