मदत हवी आहे: गिम्पमध्ये बऱ्याच लेयर्स एकदम एडिट कशा करायच्या? साखळी लावूनही रंग एकीचाच बदलतोय

नमस्कार मंडळी,

दोन संध्याकाळी यात गेल्या, आता हात टेकले म्हणून विचारतेय. गिम्प २.१० (चित्रं काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर) आहे माझ्याकडे. चित्रात मागे घर, झाड आणि चंद्र, हे सगळं एकाच लेयरवर (म्हणजे चित्राच्या एका थरावर), आणि पुढे कोल्हा नि ससा. या दोघांची मात्र मी फार शहाणपणा करून रेघ वेगळी, रंग वेगळा, सावली वेगळी, डोळे वेगळे असं सगळं सुटंसुटं ठेवलंय, त्यामुळे कोल्ह्याच्या ६ लेयर्स आणि सशाच्या ५. काढताना मस्त वाटत होतं, रंग कुठेही सांडला तरी रेघ शाबूत. आता बदल करायची वेळ आली तर तेच अंगाशी आलंय.

कोल्हा थोडा लहान करून डावीकडे न्यायचा होता, ते जमलं. डोळ्याच्या चिन्हाशेजारी साखळीचं चिन्ह असतं ते सहाही लेयर्सना लावलं आणि सगळा कोल्हा एकत्र हलला, एकत्र लहान झाला. मला वाटलं जिंकलो! पण मग दोघांना अंधारात दाखवायचं म्हणून ह्यू-सॅच्युरेशन (रंग आणि उजेड बदलायची खिडकी) उघडलं, तर साखळी असूनही जी लेयर निवडलेली होती तेवढीच काळवंडली, बाकीचा कोल्हा भर उन्हात. मग एकेक करत बसले, आणि सातव्या लेयरला आठवेचना की लाइटनेस उणे १८ ठेवला होता की उणे २८. आता सशाचा एक कान दुसऱ्यापेक्षा गडद दिसतोय.

शिवाय कोल्ह्याची शेपटी झाडाच्या बुंध्यामागे जायला हवी, ती पुढे येतेय. खोडायची म्हटलं तर तीही सहा वेळा खोडायची का? आधी निवडायची, खोडायची, पुढची लेयर, परत तेच. असं कोणी करत असेल असं वाटत नाही. सगळ्या मर्ज करा (एकाच लेयरमध्ये मिसळा) असं प्लीज सांगू नका, उद्या परत डोळे बदलायला सांगितले तर मी रडेन.

प्रतिसाद १
फोटोशॉपमध्ये हा त्रास नाही हो. २००५ च्या सीएस२ पासून शिफ्ट किंवा कंट्रोल दाबून हव्या तितक्या लेयर्स निवडता येतात, कंट्रोल जी दाबलं की ग्रुप, वर एक अॅडजस्टमेंट लेयर (खालच्यांचा रंग बदलणारी) टाकली की काम झालं. फक्त कंट्रोल दाबून क्लिक करताना नावावर करा, छोट्या चित्रावर नको, नाहीतर लेयर निवडायच्या ऐवजी तिच्यातल्या आकाराचं सिलेक्शन होतं. मी वर्षभर हे करून स्वतःलाच शिव्या घातल्यात.

धागाकर्ती
धन्यवाद, पण माझ्याकडे फुकटातलंच आहे :)

प्रतिसाद २
२.१० मधली साखळी फक्त जागा आणि आकार बदलण्यापुरती आहे. हलवणं, फिरवणं, लहानमोठं करणं, उलटवणं, एवढंच. रंग आणि ब्रश निवडलेल्या एकाच लेयरवर चालतात, त्यामुळे तुमचं काही चुकलेलं नाही.

रंगासाठी मुळात लेयर्सना हात लावायचाच नाही. एक लेयर ग्रुप करा, कोल्हा-ससा दोन्ही त्यात टाका (२.१० मध्ये एकेक ओढत न्यावी लागते, ११ वेळा, चहा घेऊन बसा). मग ग्रुपच्या आतच सगळ्यात वर एक नवी लेयर, तिच्यात गडद निळा रंग ओता आणि मोड (खालच्या रंगात मिसळायची पद्धत) मल्टिप्लाय करा, त्याने खालचं गडद होतं. आतल्या सगळ्यांवर सारखा अंधार पडेल, आणि कमीजास्त करायचा तर त्या एका लेयरची ओपॅसिटी (दाटपणा) सरकवा. आधी एकेक करून काळ्या केलेल्या लेयर्स मात्र अनडू करून मूळ रंगावर आणा, नाहीतर कानाचा फरक तसाच राहील.

आणि पुढे कधी एकेक करायचीच वेळ आली तर आकडे पाठ करू नका, त्याच खिडकीत वर प्रीसेटची यादी असते, तिथे आधी वापरलेली सेटिंग तारीख-वेळेसकट सापडते.

धागाकर्ती
केलं! पण मागचं घर आणि चंद्रपण निळे झाले??

प्रतिसाद २
ग्रुपचा मोड पास थ्रू असणार. त्या मोडमध्ये आतली मल्टिप्लाय लेयर ग्रुपच्या बाहेर, खाली जे काही आहे त्यावरही पडते. ग्रुपवर क्लिक करून नॉर्मल करा.

प्रतिसाद ३
शेपटीसाठी ग्रुपलाच लेयर मास्क (काय दिसावं, काय झाकावं ते ठरवणारा थर) लावता येतो, २.१० मध्ये ती सोय आहे. पांढरा मास्क घ्या आणि झाकायचा भाग काळ्याने रंगवा, आतल्या सगळ्या लेयर्स तिथे एकदम गायब, खरं काहीच पुसलं जात नाही. पण कोल्हा आधी त्याच्या जागेवर पक्का करा, ग्रुप हलवलात तर मास्कही बरोबर सरकतो.

तरी मला विचाराल तर मास्क कशाला, बुंधाच कोल्ह्याच्या वर ठेवा ना. मागच्या लेयरवर लासोने (हाताने कड काढून निवडायच्या टूलने) बुंधा निवडा, कॉपी करा, नवी लेयर म्हणून पेस्ट करा आणि ग्रुपच्या वर ओढा. मग कोल्हा कितीही नाचवा.

जमत असेल तर ३.० वर या. मार्च २०२५ ला आलंय, त्यात साखळी गेली आणि शिफ्ट-कंट्रोलने खरोखर अनेक लेयर्स निवडता येतात, एकदम ग्रुपमध्ये ओढता येतात. ब्रश मात्र तिथेही एकाच लेयरवर चालतो, जास्त निवडल्या असतील तर रंगवायला सरळ नकार देतो. जुनी फाइल उघडते, पण एक कॉपी बाजूला ठेवा, तिकडे सेव्ह केलेली परत २.१० मध्ये उघडेलच असं नाही.

धागाकर्ती
नॉर्मल केल्यावर चंद्र परत आला! बुंध्याची आयडिया इतकी सोपी होती की आता लाज वाटतेय, मी शेपटी चार लेयर्सवरून आधीच खोडून बसलेय. अनडू तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे शेपटी नव्याने काढायला घेतलीय. यावेळी एकाच लेयरवर.