‘वाचा गेली’ की वाचाघात?

गोदाकाठ:
मंडळी एक शब्द हवाय. सध्या जेवणं उरकली की लेकीबरोबर ‘हाऊस’ बघतोय, २००४ ते २०१२ चाललेली ती अमेरिकन डॉक्टरची सिरीयल. पहिल्याच भागात बालवाडीच्या बाई शिकवता शिकवता भलतंच बरळायला लागतात, डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. आईने विचारलं म्हणजे काय रे, मी म्हटलं वाचा गेली, तर म्हणते आवाज तर चांगला खणखणीत येतोय की तिचा! आणि ‘अक्वायर्ड ब्रेन इंज्युरी’ला काय म्हणायचं? ‘अर्जित मेंदू-इजा’ म्हणावं तर ऑफिसातली अर्जित रजाच डोळ्यापुढे येते.

सिडकोवाला:
😂 शिल्लक ठेवा, रिटायर होताना पैसे मिळतील. सरळ ‘जन्मानंतर झालेली मेंदूची इजा’ म्हणा ना, त्यात द्वारका चौकात गाडीवरून हेल्मेटशिवाय पडलेलाही आला, स्ट्रोकवालाही आला, आणि बुडताना ऑक्सिजन कमी पडला तोही. लोक मात्र सगळ्यालाच ‘डोक्याला मार लागला’ म्हणतात, मग स्ट्रोकवाल्याच्या घरी विचारतात कुठे पडले होते!

मखमलाबादकर:
अफेजिया म्हणजे वाचाघात, पक्षाघातासारखाच बनवलेला शब्द, चांगला आहे. जीभ जड होऊन उच्चार बोबडे येतात ते वेगळं, तिथे शब्द बरोबर असतो पण जीभ-ओठ साथ देत नाहीत. वाचाघातात शब्दच सापडत नाही नाहीतर दुसराच हाती लागतो. आमच्या काकांना स्ट्रोक झाला, उजवा हात गेला आणि बोलणंही, कारण बहुतेकांची भाषेची केंद्रं मेंदूच्या डाव्या बाजूला असतात आणि शरीराची उजवी बाजू चालवतो तोही डावाच मेंदू. चहा हवा असला की म्हणायचे “चावी, चावी”, काकू बिचारी कपाटाची चावी आणून द्यायची आणि हे टेबलावर हात आपटायचे. आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळायचं हो! आणि संध्याकाळी गणपतीची आरती मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता, पाहुणे म्हणायचे नाटक करतायत. पाठ असलेलं, चालीतलं बऱ्याचदा शाबूत राहतं असं स्पीच थेरपिस्टने सांगितलं तेव्हा कुठे घरातले गप्प बसले.

गोदाकाठ:
हे भारी आहे, आईला वाचून दाखवलं. म्हणजे ‘वाचा गेली’ काय नि ‘भ्रमिष्ट झाले’ काय, दोन्ही चूक.

मखमलाबादकर:
‘भ्रमिष्ट’ तर अजिबात नको. पॅरिसच्या ब्रोका डॉक्टरांचा १८६१ मधला तो प्रसिद्ध पेशंट, काही विचारलं की तोंडातून बहुतेक ‘टॅन’ एवढंच, पण समोरच्याचं बोलणं बरंचसं कळायचं. उलटही असतं बरं का, घडाघडा बोलतात, अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचंही नीट समजत नाही. दोन्ही वाचाघातच.

पंचवटीकर:
त्या बाईंच्या मेंदूत शेवटी फीतकृमीची (टेपवर्म जंताची) अळी निघते ना? सिरीयलमध्ये खापर डुकराच्या मांसावर फोडलंय. मांसातून पोटात जंत होतो, मेंदूत अळी जाते ती जंताची अंडी पोटात गेल्यावर, म्हणजे घाण पाणी, न धुतलेली भाजी, नाहीतर ज्याच्या पोटात जंत आहे त्याचेच हात. त्यामुळे “आम्ही शाकाहारी, आम्हाला काय होतंय” म्हणणाऱ्यांनीही कोथिंबीर धुवूनच घ्यावी.

सिडकोवाला:
आता मिसळीवर कोथिंबीर घालायची चोरी 😑 आणि ‘बोबडी वळली’ ते कशात?

मखमलाबादकर:
ती भीतीने वळते, पाणी पिऊन सरळ होते. पण काही कारण नसताना अचानक बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं तर पाणी-बिणी पाजत बसू नका, गिळायलाही त्रास होत असतो, गाडी काढा आणि हॉस्पिटल गाठा.