मदत हवी आहे: सेंद्रिय माचा पिवळट आणि कडू निघाला, शनिवारी पुण्याला निघायचंय

शाल्मली_टोक्यो
वेळ कमी आहे म्हणून थेट विचारते. इथून सेंद्रिय माचा (जपानी हिरवा चहा, ज्याची पूड पाण्यात घुसळून पितात) न्यायचा आहे, २ किलो. आधी १०० ग्रॅमचं पाकीट आणून करून पाहिलं तर रंग पिवळट आणि चव इतकी तुरट की घोट गिळवेना. पाकिटावर सेंद्रियचं चिन्ह आहे, स्वस्तही नव्हता. मैत्रिणीकडे साधा, सेंद्रिय नसलेला माचा प्यायले होते, तो गर्द हिरवा आणि गोडसर होता. मला फसवलंय का? की सेंद्रिय असाच असतो? शनिवारी सकाळी विमान आहे. कृपया लवकर सांगा.

माईंची_सून
ताई, एवढ्या लांबून कशाला ओझं आणता? शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून ठेवा. रंग हिरवागार राहतो. आमच्याकडे सासरे रोज सकाळी कोमट पाण्यातून घेतात. हवं असेल तर पद्धत सविस्तर लिहिते.

शाल्मली_टोक्यो
शेवगा नकोय. माचाबद्दल कोणी सांगेल का?

तासगावचा_बागायतदार
फसवणूक नाही. सेंद्रिय असाच असतो. आमची द्राक्षबाग आहे, ४ वर्षं पूर्ण सेंद्रिय करून पाहिली, म्हणून सांगतो. पानाचा हिरवेपणा नत्रावर. युरिया दिला की आठवड्यात पान काळपट हिरवं होतं. सेंद्रियात पेंड किंवा मासळीखत, ते कुजून लागू व्हायला वेळ घेतं. जपानी चहावालेही मोहरीवर्गातल्या बियांची पेंडच घालतात. वर तुडतुडे, लाल कोळी, करपा, सगळं औषधाविना सांभाळायचं. ते चिन्ह मिळवायला चहासारख्या बहुवर्षीय पिकाला पहिल्या तोडणीआधी किमान ३ वर्षं बंदी असलेलं काही वापरता येत नाही. रंग थोडा कमी, पण पान स्वच्छ. बिनधास्त न्या.

नागोया_१२_वर्षे
बागायतदार, नत्राचं बरोबर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. सेंद्रिय माचा थोडा फिका असतो, गोडवाही जरा कमी लागतो. पिवळा आणि गिळवत नाही असा मात्र नसतो. मी इथे नेहमी पितो.
शाल्मली, तुम्ही काहीच माहिती दिलेली नाही. पाणी किती गरम होतं? चहा कुठल्या प्रांतातला? पाकिटावर नेमकं काय लिहिलंय? फोटो टाका.

वर्षा_ठाणे
माझ्याकडेही एकदा असंच झालं होतं. मी दुधात साखर घालून उकळला, वेलची टाकली, मुलांनी आनंदाने प्यायला. वाया घालवू नका.

शाल्मली_टोक्यो
पाणी उकळतंच, किटलीतलं. कागोशिमाचा आहे. फोटो चढत नाहीये. पाकिटावर माचाच लिहिलंय, फोनवर भाषांतर केलं तर 'ग्रीन टी पावडर' आलं. मला इथे येऊन ५ महिनेच झालेत, कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, वाचता येत नाहीत.

नागोया_१२_वर्षे
मग गोम इथेच असणार. माचा असो की साधी हिरव्या चहाची पूड, फोन दोन्हींचं भाषांतर तेच करतो. पाकिटावरची मोठी अक्षरं मोजा. माचा लिहायला दोनच कांजी लागतात. चार असतील तर पहिलीच्या डाव्या अंगाला पाहा, तांदळाची खूण आहे का? मधे उभी रेघ, तिला आडवी रेघ आणि चार कोपऱ्यांत चार फराटे.

डॉक्टर_नाही_पण
कोणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण घरात अनुभव आलाय. २ ग्रॅम माचात साधारण ६० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन असतं, कारण पानच पोटात जातं. संध्याकाळनंतर नको. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाबरोबर नको, लोह नीट शोषलं जात नाही. तासभर अंतर ठेवा.

शाल्मली_टोक्यो
चार आहेत. त्यांच्या आधी थोडी लहान आणखी दोन. आणि हो, तांदळाची खूण आहे. म्हणजे काय?

नागोया_१२_वर्षे
लहान दोन म्हणजे 'यूकी', सेंद्रिय. मोठी चार म्हणजे 'फुनमात्सु र्योकुचा', हिरव्या चहाची पूड. दुकानदाराने खोटं काही लिहिलेलं नाही. सेंद्रिय आहे, जपानी आहे, पण तो माचा नाही. साधारणपणे उन्हात वाढलेली, सेंचासारखी (इथला रोजचा साधा हिरवा चहा) पानं दळून ही पूड करतात. पदार्थांत घालायला, गार पाण्यात ढवळून प्यायला चांगली असते. उकळत्या पाण्यात तुरट लागणारच.

माचाची पानं वेगळी वाढवतात. मी निशिओत, नागोयापासून तासाभरावर, एका मळ्यात एप्रिलच्या शेवटी गेलो होतो. मांडवावर काळी जाळी, आपल्या शेडनेटपेक्षा खूप दाट, आत शिरलो तर डोळे सरावायला वेळ लागला. कोवळी फूट निघाली की २० दिवस किंवा जास्त झाकतात, शेवटी शेवटी ९० टक्क्यांहून जास्त ऊन अडवतात. पूर्वी हेच बोरूच्या ताट्या आणि भाताच्या पेंढ्याने करत, क्योटोजवळच्या उजीत अजून काही जण करतात.
कारण असं: चहाच्या मुळांत थेअनिन तयार होतं, ते वर पानात येतं. गोडसर, भरीव चव त्याची. पानाला ऊन लागलं की त्यातून तुरट कॅटेचिन बनतात. ऊन अडवलं की थेअनिन टिकतं, आणि मिळेल तेवढा उजेड पकडायला पान रुंद, पातळ होतं, हरितद्रव्य वाढवतं. गर्द रंग त्यातून येतो.
तोडल्यावर लगेच वाफ देतात, पण सेंचासारखं वळत नाहीत. जाळीच्या उंच पिंजऱ्यांत हवेने उडवून गार करतात, भट्टीत वाळवतात, मग देठ आणि शिरा काढून टाकतात. उरतं ते 'तेंचा'. तेच दगडी जात्यावर दळलं की माचा. जातं इतकं हळू फिरतं की तासाला जेमतेम ४० ग्रॅम निघतो, जोरात फिरवलं तर गरम होऊन वास जातो. मी हात लावून पाहिला, पूड बोटांच्या रेषांत शिरून बसते.

तासगावचा_बागायतदार
शेडनेटचं माहीत नव्हतं. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो. झाड महिनाभर अंधारात ठेवायचं म्हणजे उपासमार. त्याला आधी भरपूर खायला घातलेलं पाहिजे. ते सेंद्रियात कसं जमणार?

नागोया_१२_वर्षे
अवघड आहे, मान्य. म्हणूनच सेंद्रिय तेंचा कमी आणि महाग. पण जपानमध्ये एके काळी चहाला इतकं नत्र ओतलं की काही भागांत भूजलात नायट्रेट उतरलं, त्यामुळे पेंडीवर भागवणाऱ्यांची मला जास्त कदर आहे. शाल्मली, २ किलो कशाला पण? घरी दिवसाला २ ग्रॅम लागतो.

शाल्मली_टोक्यो
दादाचं पुण्यात कॅफे आहे, त्याला मेनूत 'सेंद्रिय माचा' ठेवायचाय. सांगायचं राहिलं.

आयात_निर्यात
ताई, हे आधी सांगायला हवं होतं. घरी प्यायला आणणं वेगळं आणि विकायला आणणं वेगळं. विक्रीसाठी खाद्यपदार्थ आयात करायचा तर एफएसएसएआयचा (भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) आयात परवाना आणि आयात-निर्यात कोड लागतो. आणि मेनूत 'सेंद्रिय' लिहायचं तर त्याचेही नियम आहेत, 'जैविक भारत' चिन्ह त्यातूनच आलं. बॅगेतून आणलेला माल गिऱ्हाइकाला देऊ नका.

लांजा_राजापूर
आमच्या जांभ्याच्या जमिनीत हा चहा लागेल का? ३ एकर मोकळी आहे.

तासगावचा_बागायतदार
चहाला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५. आमच्या काळ्या जमिनीत ८ च्या आसपास, इथे नावच नको. जांभ्याचं माती तपासून बघा. पण तुमच्याकडे ४ महिने धो धो आणि मग मेपर्यंत थेंब नाही, चहाला वर्षभर ओल हवी. काजू काढून चहा लावू नका, एवढं कळकळीने सांगतो.

नागोया_१२_वर्षे
शाल्मली, दोन कांजीवाला घ्या, सोबत सेंद्रिय जास (जपानचं कृषी मानक) चिन्ह, सूर्य, ढग आणि रोप असलेलं. दळल्याची तारीख असेल तर ताजी पाहा. पाणी ७५ अंशांच्या आसपास, ७० मिली. २ ग्रॅम पूड आधी गाळणीतून चाळून घ्या. डबा बंदच फ्रीजमध्ये ठेवा, उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. उघडल्यावर महिन्याभरात संपवा. २ किलो नेलात तर निम्मा पुण्यात पिवळा पडेल.

शाल्मली_टोक्यो
शुक्रवार रात्र. संध्याकाळी दोन कांजी आणि ते चिन्ह दोन्ही पाहून ३० ग्रॅमचा डबा आणला, कागोशिमाचाच. पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निववलं, चाळून घेतलं. मैत्रिणीकडच्यापेक्षा किंचित फिका, पण हिरवा. तुरट नाही. शेवटी जिभेवर गोडवा राहिला. दादाला परवान्याचं सांगितलं, आधी चिडला, मग म्हणाला चवीपुरता आण. दोन डबे नेतेय. नागोया, मनापासून आभार. ती १०० ग्रॅमची पूड इथेच ठेवतेय, गार पाण्यात करून बघेन.

माईंची_सून
शेवग्याची पद्धत खाली लिहिते आहे, कोणाला तरी उपयोग होईल.