मदत हवी आहे : जुन्या फोक्सवॅगन कॅम्परचा कारखाना कसा शोधायचा?

मंडळी, चोपड्याजवळ एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये पडून असलेली फोक्सवॅगनची टाइप २ (मागे इंजिन असलेली व्हॅन) कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय केलेली गाडी, घेतली आहे. ओट्याखालच्या कपाटात उंदरांनी सरकीचा संसारच मांडला होता. आजी म्हणते, "हाई गाडी नही, घर शे."

आरसी बुक आहे. चेसिस नंबर इंजिनाच्या कप्प्यात उजव्या बाजूला ठोकलेला आहे. डिझेलच्या बोळ्याने पुसून, कागद ठेवून पेन्सिलीने घासून उतरवला, पुस्तकाशी जुळतो. सुरुवात २३२२, म्हणजे कोंबी (खिडक्यांची साधी व्हॅन), १९७२ चं मॉडेल (ऑगस्ट १९७१ ते जुलै १९७२). इंजिन बदललेलं आहे, त्यामुळे त्याचा नंबर विचारू नका.

स्टिअरिंग उजवीकडे. छप्पर एका बाजूला बिजागरीवर उघडतं, कापड पट्ट्यापट्ट्यांचं. त्यावरून ते इंग्लंडच्या डॉर्मोबिलचं (व्हॅनची कॅम्पर करून देणारी कंपनी) वाटतं, पण त्या कंपनीची पाटी गायब, नुसती स्क्रूची भोकं उरली आहेत. पुढच्या सीटमागची एम-प्लेट (गाडी कशी नि कुठे पाठवायला बनवली याचे कोड असलेली कारखान्याची छोटी पत्र्याची पट्टी) गंजली आहे. वरच्या ओळी गेल्या, सगळ्यात खालची अर्धीच वाचता येते. तारेचा ब्रश लावायची हिंमत होत नाही.

गाडी जळगावपर्यंतही चालत जाणार नाही, तेव्हा "अमक्याला दाखवा" नको. फोटो हवे तेवढे टाकतो.

प्लेटच्या खालच्या ओळीत निर्यातीच्या देशाचा कोड नेमका कितवा असतो? आणि ही जर्मनीतल्या फोक्सवॅगनच्या हॅनोव्हर कारखान्यातून साधी कोंबी म्हणून निघून इंग्लंडात कॅम्पर झाली का, हे पाटीशिवाय बॉडीवरच्या कोणत्या खुणांवरून ठरवता येईल?