स्वदेशी सांगाडा, युक्रेनी काळीज

वर कुणीतरी विचारलंय, "माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका स्वदेशी, मग सुट्या भागांसाठी युक्रेनकडे कशाला बघायचं?" प्रश्न रास्त आहे. विशाखापट्टणम वर्गाच्या चारही नौकांचा (विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ, सूरत) आराखडा आपल्या नौदलाचा, पोलादही देशी. पण प्रत्येकीच्या पोटात चार गॅस टर्बाइन्स (जहाज चालवणारी इंजिनं) आहेत, ती युक्रेनमधल्या मिकोलाइव शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त कंपनीची. हे नातं जुनं. १९८० मध्ये आपल्या नौदलात दाखल झालेली विनाशिका आयएनएस राजपूतही मिकोलाइवलाच बांधलेली.

आता गंमत बघा. गॅस टर्बाइन बिघडलं की मोठी दुरुस्ती जहाजावर करत बसत नाहीत. अख्खं इंजिन उचलून बाहेर काढतात आणि दुसरं बसवतात. पण ते निघणार कुठून? त्याची वाट आराखड्यातच राखावी लागते. बहुतेक युद्धनौकांत हवा आत घेणारा उभा बोगदाच त्यासाठी वापरतात. म्हणून "उद्या दुसऱ्या कंपनीचं टर्बाइन टाकू" हे बोलायला सोपं. पाया, गिअरबॉक्स, धुराडं, सगळंच बदलावं लागतं. गाडीचं इंजिन बदलण्यासारखं नाही ते, भाऊ.

२०१४ मध्ये रशिया-युक्रेन संघर्ष पेटल्यावर रशियाला याच कंपनीची टर्बाइन्स मिळेनाशी झाली आणि त्यांच्या फ्रिगेट्स (विनाशिकेहून लहान युद्धनौका) रखडल्या. रशियात कालिनिनग्राडला बांधलेल्या आपल्या तुशील या फ्रिगेटसाठी तर टर्बाइन्स भारताने युक्रेनकडून घेऊन रशियाला पोचवली! त्यामुळे देशी क्षेपणास्त्रांइतकंच देशी टर्बाइनकडे लक्ष हवं, असं माझं मत. टर्बाइनचे फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही, एवढंच.