१ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच का?

प्रश्न (जळगाव): बहिणीच्या लग्नाचे चित्रीकरण साठवण्यासाठी घेतलेल्या १ टीबीच्या कोऱ्या हार्ड डिस्कवर विंडोज ९३१ जीबीच दाखवते. दुकानदाराने फसवले तर नाही ना?

उत्तर (धुळे): नाही. खोक्यावरचा १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्ये इतके बाइट, आणि तेवढे डिस्कमध्ये असतात. मात्र विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा एक जीबी धरून भागाकार करते. दादर ज्वारी शेराने मोजा की पायलीने, पोते तेच. ‘प्रॉपर्टीज’ उघडून बाइटांचा आकडा पाहावा.

उत्तर (नंदुरबार): या मोठ्या मापाला १९९८ मध्ये ‘गिबिबाइट’ हे वेगळे नाव मिळाले, तरी विंडोज ‘जीबी’च लिहिते, हा खरा घोळ. मॅकवर हीच डिस्क १ टीबी दिसेल.

प्रश्नकर्ता: पाहिले. आकडा तेरा अंकी निघाला.